कामपेंगचं रक्त

१९९५ सालच्या जानेवारीत डॉक्टर बुसबा उत्तर थायलंडमधल्या फयाओच्या तळ्याकाठच्या आरोग्य केंद्रात पोचली, तेव्हा तिच्या खोक्यात साठ नळ्या होत्या. चाळीस माणसं आली तरी पुष्कळ, असं ती धरून चालली होती. आवारातल्या चिंचेखाली शंभराच्या वर माणसं बसलेली पाहून ती गाडीच्या दारातच थबकली. बहुतेक सगळे तिशीच्या अलीकडचे-पलीकडचे. काहींना दोन्हीकडून धरून आणलं होतं, दोघांना तर हातगाडीवरून. त्या भागातल्या गावांत तेव्हा आठवड्याला एक तरी चिता पेटत होती.

बुसबा एकतीस वर्षांची होती. डॉक्टरकी शिकून तिने चियांग माईच्या इस्पितळात तीन वर्षं काढली होती, आणि त्या तीन वर्षांत एचआयव्हीचा एकही रोगी तिच्या हातून बरा होऊन घरी गेला नव्हता. मग परदेशी जाऊन तिने रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास केला आणि परत आल्यावर वॉर्ड सोडून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बसली. तिचे गुरू थावोन, ज्यांना सगळे आजान, म्हणजे सर, म्हणत, तिला म्हणाले होते, "वॉर्डात रोज हरशील. इथेही हरशीलच, पण का हरलो ते तरी लिहून ठेवता येईल."

नळ्या पुरणार नाहीत हे सांगायला ती पायरीवर उभी राहिली, पण तिचा आवाज चिंचेपर्यंत पोचेना. तेव्हा गर्दीतून एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई उठली.

"जे आपल्या पायांनी आलेत ते गुरुवारी या," ती म्हणाली. "उचलून आणलेले आधी. आणि तू रे, लंगडायचं सोंग पुरे. काल बाजारात पळत होतास."

लोक हसले आणि रांग लागली. ती बाई स्वतः एका माणसाला धरून टेबलापाशी आली. तो उंच होता, पण शर्ट खुंटीला अडकवावा तसा त्याच्या अंगावर लोंबत होता. हा तिचा नवरा, इन्ता. पूर्वी लसणाचे ट्रक बँकॉकला न्यायचा.

"डॉक्टर, सगळं नका काढू," तो बुसबाला म्हणाला. "थोडं घरीही लागतं. माझ्या बायकोचं घ्या वाटल्यास. मासे विकते आणि निम्मे स्वतःच खाते, तिच्यात भरपूर आहे."

"तुमच्यात आता जीभ तेवढी शिल्लक आहे," बायको म्हणाली आणि तिने त्याची बाही वर सरकवली. "हात सरळ धरा."

त्याचं झाल्यावर तिनेही खुर्चीत बसून हात पुढे केला. नाव कामपेंग, वय तेहतीस, एक मुलगी. नवऱ्यामागोमाग तिचीही तपासणी झाली होती आणि तिलाही लागण असल्याचं वर्षभरापूर्वीच कळलं होतं. ते तिने मासळीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

तीन आठवड्यांनी आकडे आले. एचआयव्हीचा विषाणू रक्तातल्या मदतनीस पेशींना खातो. निरोगी माणसात त्या टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबात आठशे-हजार भरतात. इन्ताच्या एकसष्ट होत्या. त्या दिवशीच्या साठ जणांपैकी बहुतेकांच्या दोनशेच्या खाली. आणि कामपेंगच्या नऊशे चाळीस.

"नळी बदलली," आजान थावोन कागदावरून नजर न उचलता म्हणाले.

"मी स्वतः चिठ्ठी चिकटवली होती, आजान."

"मग दुसऱ्यांदा जा आणि दोन चिठ्ठ्या चिकटव."

ती दुसऱ्यांदा गेली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी कामपेंगने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "माझ्यात काही जास्त वाईट आहे का? बाकीच्यांचं एकदाच घेता, माझंच सारखं."

"वाईट नाही, मे कामपेंग." त्या भागात लेकुरवाळ्या बाईला सगळे मे, म्हणजे आईच म्हणत. "चांगलं आहे. म्हणून तर विश्वास बसत नाहीये."

आकडा तिन्ही वेळा जवळजवळ तोच आला. लागणीची चाचणी करावी तर तीही पक्की, कुठे शंकेला जागा नाही. विषाणू तिच्या अंगात शिरला होता, शरीराने त्याला ओळखलं होतं, त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात भरून होती. पण खुद्द विषाणू सापडत नव्हता. बुसबाने तिच्या पेशी काचेच्या बाटल्यांत वाढवल्या, चार-चार आठवडे रोज पाहिल्या. इतरांच्या बाटल्यांत दहाव्या दिवशी विषाणू उसळून यायचा. कामपेंगच्या बाटल्या निवळ राहायच्या. चाळीस खेपांत एकदा, एका नळीत, त्याचा पुसट माग लागला, तेवढाच. आजान थावोन यांनी तो रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हिचा पत्ता जपून ठेव. आणि तिला तब्येतीला जपायला सांग. आपल्याला अजून काहीच माहीत नाही."

इन्ता १९९७ च्या उन्हाळ्यात गेला. बुसबा पोचली तेव्हा घराच्या ओट्यावर माणसं बसली होती, पण ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला कुणी हात लावत नव्हतं. कामपेंगने त्याला स्वतः आंघोळ घातली होती. त्याची म्हातारी आई कोपऱ्यात बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हिने त्याचा वाटा खाल्ला. नाहीतर एक वाळतो आणि दुसरी तशीच कशी राहते?"

कामपेंगने ते ऐकलं. बुसबानेही ऐकलं. तो प्रश्न तिच्याही मनात होता, फक्त वेगळ्या शब्दांत.

पुढची काही वर्षं कामपेंग गावातल्या आजाऱ्यांच्या घरी जात राहिली. ज्यांना घरची माणसं लांबून ताट सरकवत, त्यांना ही जवळ बसून भरवायची. सकाळी आंबवलेल्या माशांचे केळीच्या पानातले पुडे बाजारात विकायचे आणि दुपारी ही कामं. चिंचेखाली जमलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना तिने शेवटची आंघोळ घातली. स्वतः कधी सर्दीनेही पडली नाही. काही जण तिला मंतरलेला दोरा मागू लागले. तिने एकाला सुनावलं, "माझ्याकडे दोरा असता तर पहिला नवऱ्याच्या मनगटाला बांधला नसता का?"

दर सहा महिन्यांनी बुसबा येई आणि आठ नळ्या घेऊन जाई. मधल्या काळात 'डॉक्टर, तुम्ही' गळून 'बुसबा, तू' झालं. बुसबाचं लग्न ठरून मोडलं तेव्हा सगळ्यांत आधी ते कामपेंगला कळलं, कारण त्या दिवशी शीर सापडायला तिला तीनदा सुई टोचावी लागली होती.

कामपेंगच्या रक्तात काय चाललं आहे ते २००१ साली बुसबाला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

प्रयोग सांगायला सोपा होता, करायला त्यात दोन वर्षं गेली होती. कामपेंगच्या मदतनीस पेशी घ्यायच्या, त्यांना मुद्दाम विषाणूची लागण करायची, आणि मग त्यात तिच्याच मारेकरी पेशी सोडायच्या. मारेकरी पेशी सगळ्यांच्याच रक्तात असतात. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आत काय तयार होतंय त्याचा एकेक तुकडा बाहेर टांगून ठेवते, आणि मारेकरी पेशी दारोदार फिरून ते तुकडे चाचपतात. घरचा तुकडा असला तर पुढे जातात, परका असला तर ती पेशी पाडतात.

सकाळी साडेदहाला बुसबाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लागण झालेल्या पेशी हिरव्या चमकत होत्या, तशी सोय केलेली होती. सुरुवातीला काहीच घडलं नाही. मग कडेने एक मारेकरी पेशी आली, सरपटत, पुढचं टोक वळवत, वाट हुंगावी तशी. एका हिरव्या पेशीला तिचा स्पर्श झाला आणि ती थांबली. चिकटली. दहा मिनिटं दोघी तशाच. मग हिरव्या पेशीच्या अंगावर बुडबुडे आले, ती सुरकुतली, तिचा हिरवा उजेड विझला. मारेकरी पेशी अलगद सुटली आणि पुढच्या दाराकडे निघाली.

बुसबा जेवायला उठली नाही. दुपारी तीनपर्यंत त्या काचेतला हिरवा रंग जवळजवळ नाहीसा झाला होता. तिने आकडे मांडले, मग उठून खिडकीशी गेली. बाहेर मुलं सायकलींवरून वर्गांना चालली होती. तिला फयाओच्या बाजारात मासे मांडून बसलेली कामपेंग आठवली. ती गिऱ्हाइकाशी घासाघीस करत असताना, जांभई देत असताना, झोपेत कूस बदलत असताना तिच्या अंगात हे चाललेलं होतं. लागण झाल्यापासून अंदाजे बारा वर्षं, एक क्षणही न थांबता, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

पुढे कारणही सापडलं. पेशी तो तुकडा ज्या खुंटीवर टांगते ती खुंटी आईबापांकडून येते, आणि माणसागणिक तिचा घाट निराळा असतो. विषाणू सतत वेष बदलतो, म्हणून बहुतेकांच्या मारेकरी पेशी काही वर्षांत फसतात. पण कामपेंगच्या खुंटीवर विषाणूचा नेमका असा तुकडा अडकत होता, जो त्याच्या पाठीचा कणा होता. तो बदलला तर विषाणूच मोडून पडायचा.

या शोधावर बुसबाचं नाव झालं. परदेशातून बोलावणी आली. आजान थावोन निवृत्त झाले आणि प्रयोगशाळा तिच्याकडे आली. दरम्यान औषधं आली, सरकारने ती सगळ्यांना मोफत दिली, आणि गावातल्या चिता थांबल्या. चिंचेखालच्या माणसांतली एकतीस उरली होती, ती अंगाने भरली, शेतावर जाऊ लागली.

मग २०१४ साली नवा नियम निघाला: लागण असलेल्या प्रत्येकाने, पेशी कितीही असोत, औषध घ्यावं. बुसबा ते सांगायला स्वतः फयाओला गेली. औषध सुरू झालं की कामपेंगचं शरीर एकट्याने काय करतंय ते पुढे कधीच कळणार नव्हतं. वीस वर्षांचं काम तिथे थांबणार होतं.

"तू घे असं मला वाटतं," बुसबा म्हणाली. "डॉक्टर म्हणून सांगते."

"आणि ती दुसरी, जी आठ नळ्या घेऊन जाते, ती काय म्हणते?"

"तिचं ऐकू नकोस. तिचा स्वार्थ आहे."

कामपेंग मासा चिरत होती. तिने सुरी बाजूला ठेवली. "पेशी कमी झाल्या तर सांगशील?"

"त्याच दिवशी."

"मग तोवर राहू दे. कोण किती दमतंय ते बघू."

बुसबाने महिनाभर थांबून पुन्हा विचारलं, नियम पुन्हा समजावला, दुसऱ्या एका डॉक्टरलाही तिच्याकडे पाठवलं. उत्तर बदललं नाही.

२०१७ मध्ये लपलेला विषाणू हुडकायची मोठी मोहीम झाली. कामपेंगला चियांग माईला आणलं आणि चार तास एका यंत्राला जोडून ठेवलं. एका हातातून रक्त निघत होतं, यंत्र त्यातल्या पांढऱ्या पेशी काढून घेत होतं आणि उरलेलं दुसऱ्या हातात परत जात होतं. कामपेंग त्या फिरत्या चाकाकडे पाहून म्हणाली, "उसाचा रस काढतात तसं आहे. लिंबू पिळायचं राहिलं."

त्यातून दीड अब्ज पेशी मिळाल्या. एकेक तपासायला अकरा महिने लागले. हे सगळं अंकाना पाहत होती. ती प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी कर्मचारी, कमी बोलणारी, विद्यार्थी जिला बुसबापेक्षा जास्त घाबरत. शेवटच्या दिवशी तिने कागद बुसबाच्या टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखी निघून न जाता तिथेच उभी राहिली.

दीड अब्ज पेशींत धड असा एकही विषाणू नव्हता.

मोडके तुकडे मात्र होते, एकोणीस. विषाणू पेशीत शिरला की आपली एक प्रत तिच्या जनुकांच्या पोथीत घुसडतो. त्या पोथीत वाचली जाणारी पानं असतात, आणि कोसच्या कोस ओसाड पानंही असतात, ज्यांना पेशी कधी उघडत नाही. इतर रोग्यांत विषाणू वाचल्या जाणाऱ्या पानांत दडलेला असतो आणि संधी मिळताच उठतो. कामपेंगमधले एकोणीसच्या एकोणीस तुकडे ओसाडीत होते, जिथून हाक मारली तरी कुणाला ऐकू जाणार नाही अशा जागी. ज्यांनी ज्यांनी तोंड उघडलं होतं, ते सगळे गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं एकेक करून शोधून संपवले गेले होते.

"गाव झाडून काढलंय," अंकाना म्हणाली.

बुसबाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती फयाओला निघाली. वाटेत तिने शब्द जुळवले आणि मोडले. 'बरी झालीस' म्हणायची तिची छाती नव्हती. दीड अब्ज पेशी म्हणजेसुद्धा शरीराचा एक कोपराच. शेवटी ओट्यावर बसल्यावर ती सरळ म्हणाली, "मे कामपेंग, मी खूप शोधलं. मला तो सापडला नाही. कुठेच. मला माहीत असलेल्या सगळ्या रीतींनी शोधलं."

कामपेंगने तळ्याकडे पाहिलं. ती आता छप्पन्न वर्षांची होती, केस पांढरे झाले होते. बुसबाला वाटलं, ती रडेल, किंवा हसेल.

"आणि इन्ता?" तिने विचारलं.

"इन्ता?"

"माझ्या पेशी लढल्या म्हणतेस. मग त्याच्या काय करत होत्या? बसून होत्या? सासू गेली तोवर म्हणत होती, मी त्याचा वाटा खाल्ला. मी उलटून बोलले नाही कधी, पण मनात यायचंच. त्याच्यात काय कमी होतं? इतका उंच माणूस. लसणाची दोन पोती एकदम उचलायचा."

बुसबाला माहीत होतं तेवढं तिने सांगितलं. सगळ्यांचंच शरीर लढतं. इन्ताचं सात-आठ वर्षं लढलं असणार, रोज कोट्यवधी पेशी मारत आणि नव्या बनवत.

"असणार," कामपेंग म्हणाली. "म्हणजे तुलाही ठाऊक नाही."

परतीच्या वाटेवर बुसबाच्या डोक्यातून तो शब्द जाईना. ती प्रयोगशाळेत पोचली आणि थेट तळमजल्यावर गेली. तिथे माणसाच्या छातीइतक्या उंच पोलादी टाक्या होत्या, द्रव नायट्रोजनने भरलेल्या, आत शून्याखाली जवळजवळ दोनशे अंश थंडी. आजान थावोन यांचा नियम होता की प्रत्येकाच्या रक्तातल्या थोड्या पांढऱ्या पेशी तिथे गोठवून ठेवायच्या, कधी लागतील सांगता येत नाही.

"इन्ताच्या आहेत का?" तिने अंकानाला विचारलं. "१९९५, जानेवारी."

अंकानाने वही पाहिली नाही. "तिसरी टाकी, खालचा खण. दोन कुप्या. दर मंगळवारी नायट्रोजन भरते मी. माझ्या लग्नाच्या आठवड्यातही चुकवला नाही."

"जिवंत निघतील?"

"तेवीस वर्षं झाली. काही निघतील, काही नाही. पण एकदा उघडलं की संपलं, परत गोठवता येणार नाही."

कामपेंगची परवानगी घ्यायला हवी होती. बुसबाने फोन केला आणि सगळं नीट सांगितलं: दोनच कुप्या आहेत, काही हाती लागेल याची खात्री नाही, पेशी मेलेल्याही निघू शकतात. पलीकडून बाजाराचा गलबला ऐकू येत होता.

"त्याच्या पेशी तुझ्याकडे आहेत," कामपेंग हळूच म्हणाली. "इतकी वर्षं. आणि मी त्याची राख तळ्यात सोडून मोकळी झाले."

"तू नको म्हणालीस तर हात लावणार नाही."

"उघड. कोंडून बसणं त्याला कधी जमलं नाही."

तयारीला पाच महिने लागले. कामपेंगच्या अंगातल्या त्या एकोणीस मोडक्या तुकड्यांवरून बुसबाच्या माणसांनी मूळ विषाणूचा एक भाग पुन्हा जुळवला. हा तोच विषाणू होता, जो इन्ताच्या अंगात अगदी सुरुवातीला होता आणि त्याच्याकडून तिच्याकडे आला होता. दुसऱ्या बाजूला, १९९५ च्या त्याच्या रक्तात सापडलेला नंतरचा, वेष बदललेला विषाणूही होताच.

कुपी उघडायचं काम अंकानाने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी कोमट पाण्यात फिरली, आतला पांढरा खडा कडेने वितळू लागला, तांदळाएवढा उरला, नाहीसा झाला. तिने थेंब थेंब करून त्यात कोमट द्रव मिसळला. मग एक थेंब निळ्या रंगात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत रंग आत घेत नाहीत.

ती मोजत राहिली. बुसबा शेजारी उभी होती.

"शंभरात एकाहत्तर," अंकाना म्हणाली. डोळे पुसायला तिला हातमोजे काढावे लागले.

तीन दिवसांनी, सकाळी, मुलगी फिकुन कामपेंगला घेऊन आली. आतल्या खोलीत बाहेरच्यांना जायला मनाई होती, म्हणून बाहेर मोठा पडदा लावला होता आणि सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा त्याला जोडला होता. कामपेंगने नवा विणलेला सिन, तिकडचं लुंगीसारखं वस्त्र, नेसला होता आणि केसांत फूल माळलं होतं. खुर्चीत बसून तिने हात मांडीवर ठेवले.

"या करड्या दिसतात त्या इन्ताच्या मारेकरी पेशी," बुसबा म्हणाली. "हिरव्याही त्याच्याच आहेत, पण आत पहिला विषाणू आहे. पहिल्या वर्षीचा."

पडद्यावर एक करडी पेशी हलली. टोक पुढे काढून, अंग मागून ओढून घेत सरपटू लागली.

"हा तोच आहे?" कामपेंगने विचारलं. "म्हणजे, आत्ता? की जुनं चित्र आहे?"

"आत्ताचं. भिंतीच्या पलीकडे. ही पेशी त्याच्या अंगात फिरलेली आहे, मे कामपेंग. आत्ता जिवंत आहे."

करडी पेशी एका हिरव्या पेशीपाशी पोचली, थांबली, चिकटली. फिकुनने आईचा खांदा धरला. मिनिटं गेली. मग हिरव्या पेशीवर बुडबुडे उठले, ती आत ओढल्यासारखी लहान झाली आणि तिचा उजेड गेला. करडी पेशी सुटून पुढे निघाली. डावीकडे दुसरी एक चिकटली होती, वर तिसरी. एकेक हिरवा दिवा मालवत चालला होता. तेवीस वर्षं बर्फापेक्षा कितीतरी थंड जागी पडून राहिलेल्या, धन्याला जाऊन एकवीस वर्षं झालेल्या त्या पेशींना आपलं काम आठवत होतं.

बुसबाने हे दृश्य कामपेंगच्या रक्तात शेकडो वेळा पाहिलं होतं. तरी ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. तिच्या आयुष्याची सगळी वर्षं कामपेंगसारख्या एकीचं नवल करण्यात गेली होती. आणि त्या टाकीत शंभरावर कुप्या होत्या, चिंचेखाली बसलेल्या प्रत्येकाची एक तरी. त्या सगळ्यांच्या अंगात हेच चाललं होतं, हातगाडीवरून आणलेल्यांच्यासुद्धा, शेवटच्या आठवड्यापर्यंत. तिने त्यांच्या पुढे दोनशे, एकसष्ट, नऊ असे आकडे लिहिले होते आणि त्याला कमजोरी म्हटलं होतं.

"आता दुसरं दाखवते," ती म्हणाली. "हा विषाणू १९९५ चा आहे. त्याने वेष बदललाय."

पडदा बदलला. इथेही करड्या पेशी फिरत होत्या, हिरव्या पेशींना भिडत होत्या, चाचपत होत्या, आणि सोडून पुढे जात होत्या. पुन्हा दुसरीला भिडत होत्या. पुन्हा पुढे.

"ओळखत नाहीयेत," कामपेंग म्हणाली.

"नाही. चेहरा बदलला त्याने. पण बघ, थांबत नाहीयेत. दार सोडत नाहीत एकही."

कामपेंग खूप वेळ बघत होती. मग तिच्या तोंडून हसूच फुटलं, ओल्या डोळ्यांनी. "असाच होता. ट्रक घेऊन रस्ता चुकला की थांबून कुणाला विचारायचा नाही. फिरत राहायचा." तिने बाहीने नाक पुसलं. "त्याच्यात कमी काही नव्हतं, नाही का?"

"काही नव्हतं. त्याने पहिल्याला पुरतं हरवलं होतं. तुझी खुंटी वेगळी निघाली, एवढंच. ती तुझ्या आईबापाने दिली, ती कुणाच्या वाट्यातली नव्हती."

निघताना कामपेंगने विचारलं, "यांचं आता काय करतेस?"

"प्रयोग झाला. नियमाप्रमाणे जाळून टाकायच्या."

"आजच?"

बुसबाने अंकानाकडे पाहिलं.

"जगतील तोवर ठेवते," अंकाना म्हणाली. "उबेत. मी बघेन त्यांच्याकडे."

ती रोज सकाळी आणि संध्याकाळी त्यांना बघत होती. खाद्य बदलत होती, आणि संध्याकाळी फयाओला फोन करून सांगत होती, आज इतक्या हलतायत. नवव्या दिवशी तिने सांगितलं, आता कुणी हलत नाही.

पुढच्या रविवारी बुसबा आणि अंकाना गावच्या मठात गेल्या. तिथे वारलेल्यांच्या नावाने पुण्य पोचवायला भिक्षू पाठ म्हणतात आणि घरचं माणूस लहान भांड्यातून पाण्याची धार सोडतं. कामपेंगने धार धरली. मागे, त्या पुण्यात सामील व्हायला, फिकुनने आईच्या कोपराला बोट लावलं, अंकानाने फिकुनच्या. बुसबा थोडी मागे बसली होती. तिला या गोष्टी कधी जमल्या नव्हत्या. कामपेंगने मान वळवली.

"लांब का बसलीस? तूही लाव हात."

बुसबा गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिने कामपेंगच्या दंडावर बोटं ठेवली, त्याच जागी, जिथे तेवीस वर्षं तिने पट्टा बांधला होता. पाठ सुरू झाला. भिक्षूने नाव विचारलं तेव्हा कामपेंग म्हणाली, "इन्ता." मग बुसबाने, कुणी विचारलं नसताना, वहीतून उतरवून आणलेला कागद उघडला आणि टाकीत पेशी असलेल्या, पण आता हयात नसलेल्या बाकीच्यांची नावं वाचायला सुरुवात केली. यादी लांब होती. पाणी मध्येच संपलं, तेव्हा फिकुन उठली आणि भांडं पुन्हा भरून आणलं.